स्क्रिप्टमध्ये नसलेलं उत्तर

त्या वर्षी हौशी नाट्यस्पर्धेसाठी आम्ही जे नाटक घेतलं, त्यात महत्त्वाची पात्रं दोनच होती: एक मानसोपचारतज्ज्ञ आणि भाऊ गेल्यापासून मिटून गेलेली एक तरुण मुलगी. डॉक्टर माझ्या वाट्याला आला. मी नगरच्या कोर्टात क्लार्क. पन्नाशी उलटलेली, डोळ्यांवर चष्मा, आवाज जड. आमचा दिग्दर्शक, एका शाळेत चित्रकला शिकवणारा माझा मित्र, म्हणाला, "तुला मेकअपसुद्धा लागणार नाही."

मुलीच्या कामाला त्याने कॉलेजातली एक पोर आणली. नेवाशाकडच्या शेतकरी घरातली, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहायची. मला काका म्हणायची. शहरात आल्यावर तिने बोलणं घासूनपुसून घेतलं होतं, गावाकडचा एक शब्द येऊ द्यायची नाही.

दर रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम. काम तर ती असं करायची की आम्ही बघत राहायचो. खुर्चीत बसली की खांदे आपोआप पडायचे, नजर फरशीवर. दोन महिन्यांत ती बरीच वाळली. भूमिकेसाठी मेहनत घेतेय, असं आम्ही चहा पिताना एकमेकांना कौतुकाने सांगितलं. तिलाही सांगितलं. हे आठवलं की अजून लाज वाटते.

एका रविवारी आम्ही दुसऱ्या अंकातला प्रवेश घेतला. मी टेबलावर पेन्सिल आपटत विचारायचं, "शेवटचं जेवलीस कधी?" आणि तिने म्हणायचं, "आठवत नाही."

मी विचारलं. ती हळूच म्हणाली, "परवा सकाळी. पोटात जातच न्हाई काही."

"वा!" दिग्दर्शक खालून ओरडला. "हे ठेव! असंच ठेव!"

पण मी तिच्या समोर बसलो होतो. तो 'न्हाई' तिने ठरवून उच्चारलेला नव्हता. पेन्सिल खाली ठेवून मी म्हणालो, "आज एवढंच पुरे." दिग्दर्शक चिडला. मी त्याला बाकीच्यांना घेऊन चहाला जायला सांगितलं.

हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो. दार उघडंच ठेवलं होतं. मी म्हटलं, "पोरी, हे नाटकातलं नव्हतं ना?"

तिने मान हलवली. मग तुटक तुटक सांगत गेली. महिनाभर ती वर्गात गेलीच नव्हती. झोप नाही. "सकाळ झाली का वाटतं, आता परत अख्खा दिवस. इथं तालमीत तरी रडलं तर चालतं, काका."

नाटकातल्या डॉक्टरकडे अशा वेळी पानभर संवाद होता. मला त्यातलं एक वाक्य म्हणवेना. शेवटी मी खरं ते सांगितलं, "मला यातलं काही कळत नाही. पण ज्यांना कळतं त्यांच्याकडे आपण जाऊ. येशील?"

ती मान डोलावून म्हणाली, "आईला सांगू नका. दादांना सांगा."

दादा म्हणजे तिचे वडील. मी त्यांना फोन केला, तिला घरी नेलं, बायकोने मऊ भात कालवून दिला, त्यातले चार घास तिने खाल्ले. रात्री ती आमच्याकडेच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वडील आले. मानसोपचाराच्या दवाखान्यात बाकावर टोपी हातात धरून बसले होते. मला म्हणाले, "साहेब, नाटकामुळं झालं का हो हे?"

तीच भीती मलाही होती. डॉक्टरीण बाई तिशीच्या, साध्या पंजाबी ड्रेसमधल्या. वडिलांनी तोच प्रश्न त्यांनाही विचारला. त्या म्हणाल्या, "नाही. हा आजार आहे, आणि तो आधीपासून होता. तालमीत तिला तो बोलून दाखवता आला, इतकंच. औषध घेईल, माझ्याकडे बोलायला येईल, वेळ लागेल."

"बरी व्हईल?"

"होईल. घाई मात्र करायची नाही."

ती गावी गेली, ते वर्षही गेलं. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी राहिली. मी पेन्सिल आपटणं सोडलं, आणि प्रश्न विचारल्यावर थांबायला लागलो. दिग्दर्शक म्हणायचा, "फार पॉज घेतोस." बक्षीस काही मिळालं नाही.

पुढच्या जूनमध्ये ती कॉलेजात परत आली. मधे एकदा पुन्हा घसरली, पुन्हा उभी राहिली. दर महिन्याला वडील गावाहून येऊन तिला दवाखान्यात न्यायचे, कधी पेरणी असली तरी. आता ती संगमनेरला एका दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. गेल्या दिवाळीत आमच्या घरी आली होती. मी भीतभीतच विचारलं, "पुन्हा नाटकात काम करशील?"

"करीन की," ती हसून म्हणाली. "विनोदी असलं तर सांगा."

मग स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोला चकल्या तळू लागली.