कडा तासलेला भोपळा

सोनोए कुवाहारा नाटकात कधी उभी राहिली नाही, पण दारासमोर उभं राहून तिच्यासारखी हाक मारणारी बाई जपानातल्या यावाताच्या त्या चढणीवर दुसरी नव्हती. "डबा आलाय हो!" असा आवाज टाकला की चौथ्या मजल्यावरचा ठार बहिरासुद्धा कूस बदलायचा.

तिचा नवरा पोलादाच्या कारखान्यात छाती झिजवून गेला. त्याच्यामागे एकोणीस वर्षं आजारी, एकट्या माणसांना ती दुपारचा डबा पोचवत होती. कुणाचा बिनमिठाचा, कुणाचा साखरेच्या पथ्याचा. नियम एकच होता. डबा हातात द्यायचा, चेहरा पाहायचा, मग वहीत खूण करायची. "डबा हे निमित्त गं," डब्यांच्या स्वयंपाकघरातली मुख्य स्वयंपाकीण मिसाओ म्हणायची, "आपण माणूस जिवंत आहे का ते बघायला जातो."

हा नियम सोनोएनं मोडला तो कुसानोंसाठी. ऐन उमेदीत क्रेनच्या टपावरून साऱ्या कारखान्याला शिव्या घालणारा माणूस; आता एकोणऐंशी वर्षांचा, विधुर. त्या शरद ऋतूत अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि दाराला साखळी लागली.

"दाराच्या मुठीला अडकवून जा, कुवाहारा-सान."

"तोंड पाहिल्याशिवाय मी हलत नाही, ठाऊक आहे ना?"

"ते राहिलंय कुठं? अर्धं खाली ओघळलंय. आवाज येतोय ना माझा? मेलेला माणूस एवढी वटवट करतो का?"

सोनोए हसली, आणि डबा अडकवून गेली.

दुसऱ्या दिवशी कालचा डबा दाराशी तयार होता. घासलेला, कोरडा केलेला, रुमालात बांधलेला. तिकडे खरकटा डबा कुणी परत देत नाही, त्यात नवल काही नव्हतं. पण कुसानोंचा डबा असा लखलखीत असायचा, की मिसाओ तो खिडकीच्या उजेडात धरून म्हणायची, "एवढं मन लावून धुतोय म्हणजे पोटभर खातोय." सोनोएला ते पटलं. सव्वीस दिवस ती न पाहिलेल्या चेहऱ्यापुढे खूण करत राहिली.

सत्ताविसाव्या दिवशी कुसानोंच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या हामाचीबाई जिन्यातच बादली घेऊन उभ्या. त्यांचं न्हाणीघर तुंबलं होतं आणि नळवाल्यानं वरून येणाऱ्या नळीतून गोळा उपसला होता.

"बघा हो, हे तुमच्याकडचंच ना?"

भात. बांगड्याचे तुकडे. आणि भोपळा, चारी कडा तासून गोल केलेला. शिजताना फुटू नये म्हणून फोडीफोडीची कड अशी तासणारी बाई अख्ख्या गावात एकच होती, मिसाओ.

सोनोए वर गेली. आज तिनं हाक मारली नाही.

"कुसानो-सान, साखळी काढा. खालची नळी उघडलीय त्यांनी."

आतून पाय घासत आल्याचा आवाज झाला. मग साखळी खळकन पडली. समोर जो उभा होता त्याच्या अंगरख्यात असे दोन कुसानो मावले असते.

"गिळता येत नाही," कुसानो म्हणाले. "घास अडकतो, श्वास बंद होतो. साखरेच्या पाण्यावर आहे, तेही थेंबाथेंबानं."

"मग सांगायचं होतं! घोटून मऊ करून दिलं असतं की!"

"मिसाओ-सान पहाटे उठून कडा तासतात. त्यांना काय सांगू, तुमचं जेवण नको म्हणून? आणि तुम्हाला कळतं तर रुग्णालयात टाकलं असतं. समोरच्या खोलीतला गेला, परत आला का?"

सोनोएनं वही उघडली. त्यांच्या नावापुढे सव्वीस खुणा होत्या.

डॉक्टरांनी त्याच दुपारी तपासलं. म्हणाले, घोटलेलं अन्न तीन दिवस न ठसकता गिळलं तर घरी राहा, नाहीतर दाखल व्हा. कुसानोंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सोनोए पेजेसारखं घोटलेलं जेवण घेऊन आली. मिसाओनं भात, मासा, भोपळा वेगवेगळा घोटला होता, रंग तरी कळावेत म्हणून.

"पाठ करून बसा," कुसानो म्हणाले. "खाताना गळतं माझं."

ती पाठ करून बसली. चमचा वाजला. एक घोट उतरला. दुसरा उतरला. तिनं मुठी आवळल्या होत्या. तिसऱ्याला ठसका आला, आणि मग ठसकाही थांबला.

ती वळली. त्यांना पुढे वाकवून खांद्यांमध्ये थापा मारल्या, तेव्हा कुठे सगळं चटईवर आलं आणि पाठोपाठ श्वास. ती पुसत होती तेव्हा त्यांच्या ओघळलेल्या डोळ्यातून पाणी वाहत होतं.

"पाहिलंत."

"पाहिलं."

"डॉक्टरांना सांगणार?"

खोटं बोलणं सोपं होतं. अजून एक दिवस, अजून दोन घोट. सोनोएनं त्यांच्यासमोरच फोन लावला आणि जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. मग मिसाओला, उरलेले नऊ डबे तू पोचव म्हणून.

"गाडी कधी येतेय?" कुसानोंनी विचारलं.

"तासाभरात."

त्यांनी उरलेल्या वाटीकडे पाहिलं. भोपळ्याचा पिवळा घास तसाच होता.

"तोवर थांबाल? आता समोरच बसा."

ती समोर बसली.