समोरचा किल्ला

हर्ण्याला आमच्या पडवीतून सुवर्णदुर्ग दिसतो. भर समुद्रात, पण होडीने सहज जाण्यासारखा. दिवाळीनंतर मोहोर येईपर्यंत आम्हा बागायतदारांना जरा उसंत असते. तेवढ्यात, दोन हजार दोन साली, मी आईला आणि बायकोला घेऊन प्रतापगड-महाबळेश्वर बघायला निघालो. किल्ला बघायला घाट चढून जायचं यात काही गंमत आहे, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

समोरच्या किल्ल्यावर आईला कधी नेलं नव्हतं, कारण तिकडे जाणाऱ्या होड्या मासेमारीच्या आणि आमचं घर शाकाहारी. आईला तो वास चालायचा नाही, असं मी आल्यागेल्याला वर्षानुवर्षं सांगत असे. लोक मान डोलवायचे. सोवळ्यापुढे कोण काय बोलणार?

प्रतापगडाच्या पायऱ्या आई आमच्याआधी चढून गेली. दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या एका पॉइंटवर गाइडने खाली बोट दाखवलं, म्हणाला, ते बघा कोकण. आम्हीही कठड्याशी रेटारेटी करून आमचंच कोकण कौतुकाने बघितलं. आपला किल्ला दिसेल का, असं आईने त्याला विचारलं. तो हसला.

"इथून कुठला दिसायला," आई मला म्हणाली. "होडीत बसायला मी कधी नको म्हटलं होतं रे?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भाड्याची दुर्बीण डोळ्यांना लावून धुकं न्याहाळत राहिलो. आता सांगून टाकतो: भीती पाण्याची होती, आणि ती माझी. समुद्राकाठी जन्मलो, पण गुडघ्याच्या वर पाणी कधी येऊ दिलं नाही. वासाचं म्हणाल तर रत्नागिरीला कोर्टाच्या कामाला गेलो की खाणावळीत सुरमई मीच मागवायचो.

घरी आल्यावर होडी ठरवली. दोघी गेल्या. मला कुणी चल म्हटलं नाही. मी किनाऱ्यावर चपला राखत उभा राहिलो. आई कमरेपर्यंत भिजून परतली आणि आठवडाभर तटबंदीखेरीज दुसरं बोलली नाही.

पुढे पुण्याचे पाहुणे आले की विचारायचे, किल्ला आतून कसा आहे हो? मी ऐकीव माहितीवर बुरूज, झाडी, सगळं रंगवून सांगायचो. आई शेजारी फणसाचे गरे काढत असायची. एकदा मी दरवाजावरचा कोरलेला मारुती उजवीकडे आहे म्हणून सांगितलं.

"डावीकडे," आई मान वर न करता म्हणाली. "विसरलास वाटतं."