हिरवी तार

बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, "त्या उन्हाळ्यात आपला कूलर बिघडला होता." पाहुण्यांना सांगायचे, जावयांना सांगायचे, आणि मी समोर असले की माझ्याकडे न बघता सांगायचे. आज ते नाहीत, तरी हे वाक्य आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कूलर बिघडला नव्हता हो! तो तीन दिवस ओरडून सांगत होता. आम्हीच त्याचं तोंड बंद केलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही नागपूरच्या प्रताप नगरात नवीन घर बांधून राहायला गेलो होतो. मी कॉलेजात होते आणि बाबा कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी बर्डीच्या बाजारातून पत्र्याचा कूलर आणला. तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंखा, खाली पाण्याची टाकी आणि ते पाणी ताट्यांवर चढवणारा एवढासा पंप. मागच्या पडवीत खिडकीला तो बसवला. गल्लीतला पहिलाच कूलर. शेजारच्या बायका 'वाळ्याचा वास किती छान वं' म्हणत यायच्या आणि चार वाजेपर्यंत उठायचं नाव घ्यायच्या नाहीत.

पहिला उन्हाळा सुखाचा गेला. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात कूलर सुरू केला की पाच मिनिटांत फटकन फ्यूज उडायचा. बाबांनी फ्यूजची तार बदलली. पुन्हा उडाला. तिसऱ्या दिवशीही तेच. आई म्हणाली, "मिस्त्रीले बोलवा ना." पण विजेतलं आपल्याला सगळं कळतं, असं बाबांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. खिशाला पेनाशेजारी टेस्टर लावून फिरायचे. मिस्त्री बोलवणं म्हणजे त्यांना नाक कापल्यासारखं वाटायचं.

त्यांनी प्लग खोलला. आत तीन तारा. "लाल तार करंट आणते, काळी नेते. ही हिरवी काहून बसली इथं फुकटची?" असं म्हणत त्यांनी पक्कडीने हिरवी तार कापली आणि वर काळी पट्टी गुंडाळली. आणि काय सांगू, कूलर चालला की! दुपारभर चालला, फ्यूज उडाला नाही. संध्याकाळी बाबा अंगणात खुर्ची टाकून शेजाऱ्यांना म्हणत होते, "हे मिस्त्री लोक त लुटालेच बसले हायेत." मीही कौतुकाने ऐकत होते. गाढव मी!

पुढे मला कळलं. ती हिरवी तार जमिनीत जाते. पंपाच्या तारेवरचं रबर पाण्यात कुजतं, करंट पत्र्यात उतरतो, तेव्हा तो माणसाच्या अंगात न जाता जमिनीत जावा म्हणून ती असते. आणि तो जमिनीत गेला की फ्यूज उडतो. उडायलाच पाहिजे. घरातल्या निम्म्या वस्तू अशाच मरतात. त्या आधी सांगतात, कुरकुरतात, बंद पडतात, आणि घरातला एखादा शहाणा त्यांना गप्प करून पुन्हा चालू करतो.

कूलरमध्ये पाणी भरणं माझं काम होतं. दुपारी चार बादल्या. पडवीत पिण्याच्या पाण्याचे माठ होते म्हणून तिथे बाहेरच्या चपला चालत नसत. पण ओल्या फरशीवर अनवाणी कूलरला हात लावू नये हे नागपुरात शेंबड्या पोरालाही माहीत. म्हणून आईने निळी रबरी चप्पल नवीन आणून तिथे ठेवली होती. तिला आम्ही 'कूलरची चप्पल' म्हणायचो. ती कधी उंबऱ्याबाहेर जायची नाही.

हिरवी तार कापल्यानंतर दोन दिवसांनी, चप्पल घातलेली असूनही, टाकीच्या कडेला हात लागला आणि माझ्या कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. मी बाबांना सांगितलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "काही होत नाही वं. कूलर म्हटलं की थोडा करंट येतेच." आई मात्र घाबरली. लेकीचा जीव! म्हणाली, "तू नको भरू उद्यापासून."

मग कोण भरणार? आमच्याकडे धुणंभांडी करायला एक मावशी येत. चाळिशीच्या, काटक, बोलायला फटकळ. त्यांच्या घरच्यांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. आम्ही स्वतःला मोठे सुधारलेले समजायचो. मावशींना कपात चहा मिळायचा, त्यांनी घासलेली भांडी पुन्हा धुतली जात नसत. याचा आईला केवढा अभिमान! त्याच आईने पाणी भरायचं काम मावशींना दिलं.

पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "अवं माय! बाई, हा कूलर त मले करंट मारून राहिला." मग निळ्या चपलेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हे घालू का?"

आई अडखळली. मी बघितलं ते अडखळणं. "ते माठाजवळची आहे ना बाई, राहू दे," ती म्हणाली. "थांब, तुले बारदान देते पायाखाली."

मावशींनी चपलेकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि बारदानावर उभ्या राहिल्या. मी तिथेच होते. तोंडातून शब्द काढला नाही. माझी दातखीळ बसली होती का?

चार दिवस बारदानावर निभावलं. मग रविवार आला. बाहेर ऊन आग ओकत होतं, बाबा कूलरपुढे घोरत होते. मावशी पडवीतून म्हणाल्या, "ताई, जरा बटन बंद करा ना. बारदान ओलं होऊन गेलं आज."

मी पुस्तक वाचत होते. म्हणाले, "मावशी, बाबा झोपलेत. दोनच तर बादल्या राहिल्यात, भरून टाका पटकन."

हे मी म्हणाले. बाबा नाही, आई नाही. मी.

अर्धवट तुटलेली किंकाळी आली. धावत गेले तर बादली आडवी, आणि मावशींचा उजवा हात टाकीच्या कडेला चिकटलेला, सगळं अंग थरथरत होतं. मी उलट पावली पळत आत गेले आणि प्लग ओढून काढला. त्या माठांवर कोसळल्या. दोन माठ फुटले.

वारा बंद झाल्यामुळे बाबा जागे झाले. त्यांचं पहिलं वाक्य काय होतं माहीत आहे? "कूलर बिघडला का?"

मी किंचाळले त्यांच्यावर. आयुष्यात पहिल्यांदाच. काय काय बोलले, आठवत नाही. शेजाऱ्यांनी रिक्षा आणली आणि मावशींना दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हाताची तीन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. पुन्हा सरळ झाली नाहीत. भांडी घासून पोट भरणाऱ्या बाईचा उजवा हात!

दुसऱ्या दिवशी शेवटी मिस्त्री आला. प्लग खोलून त्याने विचारलं, "हिरवी तार कोणं कापली गा?" बाबा म्हणाले, "कंपनीतूनच तशी आली असंन." मिस्त्रीने काळ्या पट्टीकडे बघितलं, मग बाबांच्या खिशाला लावलेल्या टेस्टरकडे. त्याने नवीन तार जोडली, पंप बदलला. संध्याकाळी आमच्या घरात पुन्हा गार वारा.

आठ दिवसांनी आईने मला मावशींकडे पाठवलं. पिशवीत मोसंबी दिली आणि खाली कागदात गुंडाळलेली ती निळी चप्पल. धुऊन, पुसून. "देऊन टाक तिले," ती म्हणाली. तिचे डोळे लाल होते, पण मला तिची दया आली नाही.

मावशी दारातच बसल्या होत्या. हाताला पट्टी, डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. मी चप्पल त्यांच्या पुढ्यात ठेवली. माफी मागायचं घोकून गेले होते, म्हणाले मात्र एवढंच, "आईने दिलीय."

त्यांनी कागद उघडून बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती चप्पल माझ्याकडे सरकवली.

"आता काय करू वं ताई हिचं?" त्या म्हणाल्या. "हात गेला माहा. पाय त धडच हाये."