पालटीचर

भिंतीवर पाल चुकचुकली की आमच्या टीचर शिकवता शिकवता थांबायच्या आणि बोटाने टेबलावर टकटक करायच्या. मग फळ्यावरच्या गणिताकडे बघून म्हणायच्या, "पालीनं साक्ष दिली. उत्तर बरोबर आहे." एकदा ते उत्तर चुकलेलं निघालं. "पाल तरी काय करील? तिलाही शाळेत घालायला हवं," असं म्हणून त्यांनी फळा पुसला.

पण पालटीचर हे नाव त्यांना या सवयीवरून पडलं नाही. ते माझ्यामुळे पडलं. आम्ही तंजावूरचे, पण आमच्या घरी मराठी बोलत. गोठ्यात गाय होती, म्हणून दूधवाला कधी दारात आला नाही. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध, हे मला ठाऊकच नव्हतं. शाळेच्या पहिल्या दिवशी दुपारी आयाने पेला पुढे केला आणि ती लाडाने म्हणाली, "पाल कुडी, कण्णु." पेल्यात पाल आहे आणि ती मला प्यायची आहे, एवढंच मला कळलं. मी किंचाळत दाराकडे पळाले.

टीचरांनी मला दारात धरलं. "काय झालं गो?" शाळेत मराठी ऐकून मी रडायची थांबले. सगळं ऐकल्यावर त्यांनी माझ्या पेल्यातला एक घोट घेतला. "बघ, मी पाल प्याले. शेपूट काही लागली नाही." दुसऱ्या दिवसापासून मुलं मला पाल म्हणून चिडवू लागली, तेव्हा त्या तमिळमध्ये ओरडल्या, "पाल प्याले मी. नाव माझं!" तेव्हापासून त्या पालटीचर. मी सुटले.

आमची शाळा तंजावूरच्या बाहेर, कालव्याच्या कडेला होती. टीचर तिथे आल्या तेव्हा छप्पर झावळ्यांचं होतं, आणि पाऊस लागला की वर्ग देवळाच्या मंडपात भरायचे. त्या नगरपालिकेत जाऊन साहेबांसमोर बसून राहायच्या. शेवटी कौलं आली. पुढे पक्क्या भिंती आल्या, पंखे आले. "साहेब म्हणाले, 'घालतो कौलं,' आणि तेवढ्यात पाल बोलली," त्या सांगायच्या. "मग मी कशाला उठू? तिथेच बसले."

शाळा सुटल्यावर आम्हा मराठी घरच्या मुलींना त्या करंजाखाली बसवून मातीत बोटाने बाळबोध अक्षरं काढायला लावत. सरकारने तसं काही सांगितलं नव्हतं. "तमिळमध्ये हिशेब करा, मराठीत भांडा," त्या म्हणायच्या, "पण लिहिता दोन्ही यायला हवं." मी हे लिहिते आहे ती त्याच मातीतली अक्षरं.

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. शाळा उघडली आणि मी गेले नाही. तेव्हा टीचर घरी आल्या. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी होते.

"हिच्या पाठची दोन लेकरं आहेत, टीचर," अप्पा म्हणाले. "त्यांना कोण पाहील?"

"धाकट्याला कडेवर घेऊन येऊ दे. मांडीवर बसवून भागाकार करील ती."

अप्पा हसले. मला वाटलं, जमलं. पण ते म्हणाले, "पुढच्या वर्षी पाहू."

तेवढ्यात आढ्यावर पाल चुकचुकली. टीचरांनी चौकटीवर टकटक केलं. "ऐकलंत ना? पुढच्या वर्षी. पाचवीच्या वर्गात खिडकीजवळची जागा हिची." जाता जाता त्यांनी दारामागे बघून मान हलवली. मी तिथे आहे हे त्यांना माहीत होतं.

आई उठली नाही. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. कालव्यावर धुणं धुताना पलीकडून पाढे ऐकू यायचे. टीचर घरी जाताना काठावर थांबून विचारायच्या, "कधी येतेस गो?" मी मान खाली घालून कपडा आपटत राहायचे. पुढे माझं लग्न झालं, मग त्यांनी विचारणं सोडलं.

यंदा ती शाळा बंद झाली. मुलंच उरली नाहीत. सकाळी पिवळ्या व्हॅन येतात आणि सगळ्यांना इंग्रजी शाळेत घेऊन जातात. माझी नातही त्यातच बसते. शाळेच्या दाराला कुलूप लागलेलं पाहून आले आणि मला टीचरांना भेटावंसं वाटलं.

टीचर आता राजवाड्यामागच्या बोळात भाचीकडे असतात. भाचीने दारातच सांगितलं, "मावशीला आता फारसं आठवत नाही. शाळा बंद झाली हे तेवढं बोलू नका."

टीचर खाटेवर बसल्या होत्या. अगदी लहान झाल्या होत्या. माझ्या पांढऱ्या केसांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. चेहरा मात्र त्यांनी बराच वेळ न्याहाळला.

"तू ती पेल्यातली पाल," त्या म्हणाल्या. "कितवीला आहेस गो?"

भाची माझ्याकडे बघत होती. मला नेहमीसारखी लाज वाटली.

"पाचवीला, टीचर."

वर वाशावर पाल चुकचुकली. टीचरांचं बोट आपोआप उठलं आणि खाटेच्या कडेवर टकटक वाजलं.

"बघ," त्या म्हणाल्या, "मी तुझ्या अप्पांना सांगितलं होतं."