कमळाकाकींच्या पांढऱ्या पेशी

रक्त तपासणाऱ्याकडे किस्से किती साचतात, विचारू नका! लोक सुईला घाबरतात आणि घाबरलेला माणूस बोलत सुटतो. माझ्याकडचे निम्मे तर एकाच घरातले, आमच्या धारगळच्या कमळाकाकी आणि भिवाकाकांचे.

काकींच्या गर्भाशयात गाठ होती, तिला किरणांचे शेक चालू होते. किरण गाठ जाळतात, पण हाडांत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मारतात, आणि तापाशी लढायचं काम त्यांचंच. म्हणून दर सोमवारी मी रक्त काढायचो. पेशी फार घटल्या की शेक बंद.

एका सोमवारी त्या घटल्या. "पांढऱ्या कमी झाल्यात," एवढंच मी बोललो. चूक माझीच. पुढचे आठ दिवस काकींनी पेज, दूध, खोबरं आणि उंडा या कडक गोल पावाच्या आतला मऊ पांढरा भाग एवढंच खाल्लं. "पुता, तांबडें कितेंच तोंडाक लावंक ना," असं कौतुकाने सांगितलं. पेशी आणखी घटल्या होत्या. मला रिपोर्ट लिहवेना.

*

गोवा नुकतंच राज्य झालेलं. रक्त तपासायच्या खोलीबाहेरच्या बाकड्यावरही भाषेचा वाद. भिवाकाका कट्टर मराठीवाले, शेजारी बसणारा डिचोलीचा मास्तर कोंकणीवाला. भांडण मात्र दोघांचं कोंकणीतच! मध्ये बसलेल्या काकी एकदा म्हणाल्या, "दोतोर इंग्लिशींत सांगता, तें तुमकां दोगांकूय कळना."

*

पुढच्या सोमवारी काकांनी बाही वर करून स्वतःचा हात माझ्यापुढे ठेवला. "माजें रगत घे. नांव तिचें घाल."

मी समजावलं, तसं केलं तर शेक चालू राहतील आणि काकी हातच्या जातील. त्यांनी बाही खाली केली आणि बटण लावत बसले.

*

शेवटी शेक थांबवून काकींना घरी पाठवलं. गर्दीतून आलेल्या माणसाने आठ दिवस जवळ जायचं नाही, हे काकांना मीच दोनदा बजावलं.

काका लईराई देवीचे धोंड, म्हणजे निखाऱ्यांवरून चालणारे व्रती भक्त. काकींसाठी व्रत धरलेलं, ते मोडवेना. शिरगावच्या जत्रेत निखाऱ्यांवरून चालून आले आणि घरात न शिरता गोठ्यात चटई टाकली. काकी खिडकीतून बोलायच्या, काका तिथूनच ओ द्यायचे.

पाचव्या दिवशी काकींना ताप आलाच. सहाव्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

मी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात आणलं होतं. काका गोठ्याच्या दारात उभे. मी त्यांचा हात धरला. "काका, चला, जवळ या."

त्यांनी हात सोडवून घेतला.

"आजून दोन दीस आसात."