दाराआडचा फलक

आमच्या काउंटरवर एक दिवस बसून बघा, संध्याकाळी रिकाम्या डब्यासोबत एक तरी किस्सा घरी घेऊन जाल! मी गोंदियातल्या एका खासगी दवाखान्यात इन्शुरन्स डेस्कवर बसते. शेजारी कटरे बसतो. पेशंटचे कागद विमा कंपनीला पाठवायचे आणि कंपनीची उत्तरं पेशंटला सांगायची, एवढंच आमचं काम. कंपनीवाले कधी कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या वाट्याच्या शिव्याही आम्हीच खातो. रोज घरी जाताना ठरवते, आज चिडायचं नाही. आणि रोज काहीतरी घडतंच.

*

कुडव्याचे रहांगडाले गुरुजी. वर्षानुवर्षं हप्ता भरला, एक दावा केला नाही. साठी ओलांडली आणि कंपनीनं हप्ता जवळजवळ दुप्पट केला. गुरुजींनी आमच्या काउंटरवरूनच फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

"सर, आपकी उम्र बढ़ गई है ना," पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"बेटा, तुम्हारे यहाँ किसी की घटती है क्या?"

रांगेतले सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही. विजेचे दर वाढवायचे तर आधी सुनावणी घ्यावी लागते, विम्याचा हप्ता वाढवायला नुसता वाढदिवस पुरतो! शेवटी गुरुजींनी पॉलिसी सोडली. कंपनीला तरी दुसरं काय हवं होतं!

*

तिरोड्याचा एक कामगार उन्हात चक्कर येऊन पडला. सकाळी सलाइन लागलं, संध्याकाळी गडी ठणठणीत! पण त्याच्या पॉलिसीत चोवीस तास भरती राहिल्याशिवाय पैसे मिळत नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "घरी जा."

बायको नवऱ्याच्या कानात म्हणाली, "अजून चक्कर येऊन राहिली म्हणा ना!"

आमचा कटरे काउंटर सोडून धावत वॉर्डात गेला आणि हात जोडून उभा राहिला. "सर, याला उद्या सकाळपर्यंत बरा करू नका!"

*

आणि मग आले बोदलकशाचे शेंद्रे. तलावावर मासे धरतात, थोडं धान लावतात. धानाची रोवणी चालू असताना बायकोला, कांताबाईला, बांधावर साप चावला. पॉलिसी काढून पंधरा दिवसही झाले नव्हते. नव्या पॉलिसीत पहिल्या महिन्यातला आजार बसत नाही, अपघात बसतो. कांताबाई व्हेंटिलेटरवर, आणि इकडे कंपनीचा प्रश्न आला : साप चावणे हा आजार की अपघात?

डॉक्टरांनी लिहून दिलं, अपघात. लगेच पुढचा प्रश्न : पोलिसांत तक्रार दिली का?

मी शेंद्रेंना विचारलं. ते म्हणाले, "कोणाच्या नावानं देऊ जी? सापाच्या?"

मग कंपनीनं पुरावा मागितला. दुसऱ्या दिवशी सकाळी शेंद्रेंनी तेलाचा एक जुना डबा काउंटरवर ठेवला आणि झाकण काढलं. शेजाऱ्यांनी मारून ठेवलेला साप आत! कटरे खुर्चीवर चढला.

"यालेच विचारा," शेंद्रे म्हणाले, "अपघात केला का आजार देला!"

आम्ही नाक दाबून फोटो काढले आणि पाठवले. उत्तर आलं : अपघात सिद्ध होत नाही, दावा नामंजूर. बाईच्या पायावर दातांच्या खुणा होत्या, श्वास मशीनवर चालला होता, आणि म्हणे सिद्ध होत नाही! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

कांताबाई वाचली, हेच खूप. डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, पण आमचे मॅनेजर आडवे आले. "पहले पूरा बिल, फिर पेशंट." बाई पलंगावर बसून होती, तिकडे शेतात अर्धी रोवणी पडलेली. शेंद्रे रोज मॅनेजरच्या केबिनपर्यंत जायचे आणि परत येऊन मुख्य दाराच्या मागच्या कोपऱ्यात बसायचे. तिथून त्यांना कुणी उठवत नसे.

*

आता त्या दाराचं सांगायलाच हवं. रुग्णांचे हक्क आणि दवाखान्याचे दर फलकावर लिहून तो ठळक दिसेल असा लावा, असा सरकारी नियम आहे. आमच्याकडे फलक आहे. मोठा आहे, मराठीत आहे, अक्षरही सुरेख. फक्त मॅनेजरांनी तो मुख्य दाराच्या मागच्या भिंतीवर लावला आहे. दार दिवसभर सताड उघडं असतं आणि उघडं दार बरोबर फलकावर येतं! तपासणीला कुणी येणार असलं, की वॉचमन ते आणखी भिंतीला टेकवून धरतो आणि सलाम ठोकतो.

कटरे म्हणतो, "कानून है मॅडम, बस थोडा शर्मीला है!"

*

परवा तपासणीचे साहेब आले. वॉचमननं दार भिंतीकडे लोटलं, सलाम ठोकला. मॅनेजर हार घेऊन पुढे.

"रुग्णहक्कांचा फलक कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"एंट्रन्सलाच आहे सर! आधी चहा घेऊ, मग निवांत बघू."

तेवढ्यात दारामागून आवाज आला. कुणीतरी अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचत होतं.

"बिलाच्या... वादावरून... रुग्णास... अडवून ठेवता... येणार नाही."

मॅनेजरांच्या हातातला हार तसाच राहिला.

"कोण आहे तिकडे?" साहेब म्हणाले.

"मी आहो जी, बोदलकशाचा शेंद्रे. बाई वर वॉर्डात अडकून आहे." दार थोडं हललं. "पुढंबी लिवलं आहे साहेब, पण अंधारात दिसून नाही राहिलं. तेवढं दार लावा जी, म्हंजे तुमालेबी दिसन."