वासंती पोंक्षेचा कोस्टल अर्ज

वासंती पोंक्षेनं सव्वीस वर्षांची होईपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, पण पिंपरीच्या कंपनीत सगळे तिला 'समुद्राच्या बाई' म्हणत. कंपनीत स्कूटरच्या दिव्यांच्या रिंगा, आरशांच्या दांड्या असलं सामान तयार व्हायचं. त्यावरचा चकचकीत मुलामा किती टिकतो हे पाहायला प्रयोगशाळेत एक मोठी पेटी होती. पेटीत मिठाच्या पाण्याचं धुकं सोडायचं, त्यात नमुने टांगायचे आणि कितव्या तासाला गंज धरतो ते लिहून ठेवायचं. या पेटीलाच कामगार समुद्र म्हणायचे. रोज सकाळी कोणीतरी ट्रे घेऊन यायचं आणि "बाई, एवढे आरसे समुद्रात टाका" असं सांगून निघून जायचं.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन वासंती त्या पेटीपाशी बसली, त्याला पाच वर्षं झाली होती. दांडी नुसती हातात घेतली की ती चार दिवस काढणार की दुसऱ्याच दिवशी तोंड काळं करणार, हे ती सांगू शके. तिचे साहेब उद्धवराव लातूरकडचे. त्यांना तिच्या या विद्येचं कौतुक होतं, पण विश्वास नव्हता. "अंदाज बराबर आहे तुमचा, पण पेटीत टाकूनच बघा," असं ते दर वेळी म्हणत. वासंती टाकून बघे. अंदाज बरोबर निघे. मग दोघं चहा पीत.

एकोणऐंशी सालच्या एप्रिलमध्ये तिनं पेपरात एक जाहिरात वाचली. कोकण किनाऱ्यावरच्या एका संशोधन केंद्राला 'कोस्टल रिसोर्स मॅनेजमेंट' या विषयासाठी फेलो हवे होते. समुद्रकाठी जे जे मिळतं, म्हणजे मासे, शिंपल्या, मीठ, खारफुटी, ते पुरवून कसं वापरायचं याचा दोन वर्षांचा अभ्यास. कोणत्याही विज्ञानशाखेचा द्विपदवीधर चालेल असं लिहिलं होतं. वासंतीनं ती जाहिरात तीनदा वाचली आणि त्या दिवशी एका रिंगेचा अंदाज पाच वर्षांत पहिल्यांदा चुकवला.

घरी ती आणि आई, दोघीच. वडील गेल्याला सहा वर्षं झाली होती. आई, कुसुमताई, चिंचवडच्या प्राथमिक शाळेत पाढे शिकवायच्या. वासंतीनं बातमी सांगितली तेव्हा कुसुमताई कुकरच्या शिट्ट्या मोजत होत्या. 'कोस्टलची फेलोशिप' हे शब्द तिसऱ्या शिट्टीत सापडले आणि त्यांच्या कानापर्यंत 'पोस्टल' पोचलं. लेक पोस्टात जाणार म्हणून त्या समाधानानं मान डोलावून भाजीकडे वळल्या. पेन्शनची नोकरी, आणि ऑफिस घरापासून दोन गल्ल्यांवर.

वरच्या मजल्यावर आबाजी राहायचे. चौतीस वर्षं पोस्टात काढून ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. उजव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू येत नसे, आणि बोलणाऱ्याकडे ते सवयीनं उजवाच कान करत. कुसुमताईंनी त्यांना ही गोष्ट त्याच संध्याकाळी जिन्यात सांगितली. आबाजींना भरून आलं. त्यांचा थोरला मुलगा विम्यात होता, धाकटा कारखान्यात, आणि पोस्टात जावं असं सबंध आळीत आजवर एकाही मुलाला वाटलं नव्हतं.

अर्जासोबत दोन शिफारसपत्रं हवी होती, दोन्ही बंद पाकिटात, उमेदवारानं न वाचलेली. एक साहेबांचं आणि दुसरं दहा वर्षं ओळखणाऱ्या कोणा प्रतिष्ठित गृहस्थाचं. उद्धवरावांनी दोन ओळींत काम उरकलं. दुसऱ्या पत्रासाठी वासंती आबाजींकडे गेली. ती 'कोस्टल'पर्यंत पोचायच्या आत त्यांनी हात वर करून तिला थांबवलं, सगळं कळलंय, कुसुमताईंनी सांगितलंय, म्हणाले. तिलाही बरं वाटलं, कारण खारफुटी म्हणजे काय हे उजव्या कानाला समजावून सांगायची तिची तयारी नव्हती. दोन दिवसांनी आबाजींनी लाखेनं बंद केलेलं जाडजूड पाकीट तिच्या हातात ठेवलं.

आता राहिलं पोहणं. उमेदवाराला पोहता यायला हवं आणि तसा जाणकार व्यक्तीचा दाखला जोडायला हवा, अशी अट होती. वासंती मूळच्या कोकणातल्या घराण्यातली, पण तीन पिढ्यांत कोणी तिकडे फिरकलं नव्हतं आणि पोहण्याचं नाव तर कोणी काढलंच नव्हतं. तिनं सावित्रीबाईंना विचारलं. सावित्रीबाई पवना नदीपलीकडच्या काळेवाडीतल्या जुन्या घरातल्या, साठीच्या. रोज दूध घालायला यायच्या, आणि नदीला पाणी असो नसो, पोहल्याशिवाय त्यांचा दिवस जायचा नाही.

"पवायला काय शिकायचं?" सावित्रीबाई म्हणाल्या. "पान्यात टाकलं की मानूस पवतंय. न्हाई पवलं, तर ते शिकवून बी पवत न्हाई."

तरी त्यांनी तिला रविवारी सकाळी डोहावर बोलावलं. वासंती वडिलांचा पायजमा आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून गेली. सावित्रीबाईंनी तिच्या पाठीला दोन सुके भोपळे बांधले आणि तिला डोहात ढकललं. भोपळे क्षणात पोटाकडे सरकले, वासंती उलटी झाली, आणि आभाळाकडे तोंड करून खालच्या अंगाला निघाली. ती बुडत नव्हती, पण वळताही येत नव्हतं. वाटेत सावित्रीबाईंच्या म्हशी डुंबत होत्या, त्यांच्यात जाऊन ती अडकली. काठावरून सावित्रीबाई ओरडत धावत आल्या. वासंतीला वाटलं, आपल्याला धीर देताहेत. जवळ आल्यावर कळलं की त्या म्हशींना सांगत होत्या, घाबरू नका म्हणून.

दुसऱ्या रविवारी एक भोपळा. तिसऱ्या रविवारी सावित्रीबाईंनी न सांगताच तोही सोडला, आणि वासंती पलीकडच्या काठाला लागल्यावर तिला पाठ मोकळी असल्याचं कळलं.

दाखल्यावर सावित्रीबाई अंगठा द्यायला तयार होत्या, पण 'जाणकार व्यक्ती'चा हुद्दा काय लिहायचा हा प्रश्न पडला. वासंतीनं तो उद्धवरावांसमोर मांडला. तपासल्याशिवाय शब्द द्यायचा नाही हा त्यांचा नेम. पुढच्या रविवारी ते कंपनीचं स्टॉपवॉच, वही आणि पोळीचा डबा घेऊन डोहावर हजर झाले. वासंती पोहत राहिली, ते काठानं चालत नोंदी करत राहिले. सोमवारी त्यांनी कंपनीच्या छापील तक्त्यावर दाखला टाईप करून दिला. नमुना: एक. पाण्यातील काळ: अकरा मिनिटे. आकारात बदल: नाही. गंज: नाही. निकाल: उत्तीर्ण. खाली सही आणि 'तपासून पास' असा गोल शिक्का.

वासंतीनं हा कागद बराच वेळ न्याहाळला. त्यात खोटं असं काहीच नव्हतं, म्हणून तिनं तो जोडला. अर्जात आणखी एक रकाना होता, खाऱ्या पाण्याशी संबंधित कामाचा अनुभव किती. त्यात तिनं प्रामाणिकपणे लिहिलं: पाच वर्षे, पेटीत.

अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिन्यात आबाजींनी तिला थांबवलं आणि प्रेमानं सल्ला दिला. विचारलं तर रेल्वेच्या डाकगाडीची शाखा माग, म्हणाले. हिंडायला मिळतं, पत्रं वाटेतच लावून होतात आणि हाताखालची माणसं चांगली असतात. वासंतीला आधी काही उमजेना. मग एकदम उमजलं, आणि तिला पायरीवर बसावंच लागलं. तिला उन्हाचा त्रास होतोय असं वाटून आबाजींनी पाणी आणायला सांगितलं. पाणी घेऊन कुसुमताई आल्या. वासंतीनं त्यांना हळूच विचारलं, तू आबाजींना नेमकं काय सांगितलंस. कुसुमताई म्हणाल्या, पोस्टलचंच ना ग?

ती तशीच पोस्टात धावली. पाकीट परत मिळेल का, पत्रात चूक राहिलीय, असं तिनं खिडकीवर विचारलं. कारकून म्हणाला, ते काल पहिल्याच थैलीतून गेलं. आबाजी स्वतः येऊन बसले होते आणि थैलीचं तोंड बांधेपर्यंत हलले नव्हते.

आईला तिनं त्याच रात्री खरं सांगितलं. आबाजींना सांगायचं तिच्या ओठांवर चारदा आलं. पण एव्हाना त्यांनी आळीत पेढे वाटले होते, आणि पहिला पेढा तिलाच खावा लागला होता.

जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखत पुण्यातच होती. टेबलापलीकडे तिघं होते. मध्ये अध्यक्ष, तेल लावून चापून भांग पाडलेले एक जुने प्राध्यापक. डावीकडे डॉ. शैला कामत, त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञ. उजवीकडचे गृहस्थ सकाळपासून सोळा उमेदवार ऐकून डोळे मिटून बसले होते. वासंती बसते न बसते तोच अध्यक्षांनी लाखेचा तुकडा चिकटलेलं एक पत्र उचललं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

पत्र दोन पानी होतं. पिनकोड आल्यापासून अर्जदाराने एकही पत्र त्याशिवाय टाकलेले नाही. तिकीट सरळ लावते. दुसऱ्याचे पत्र चुकून घरी आल्यास उलटसुलट करून न पाहता परत देते. मनिऑर्डरचा फॉर्म इयत्ता सहावीत असताना स्वतः भरला होता, खाडाखोड नाही. अशी व्यक्ती मिळणे हे टपाल खात्याचे भाग्य होय. तिकिटाच्या वाक्याला उजवीकडच्या गृहस्थांनी डोळे उघडले, ते शेवटपर्यंत मिटले नाहीत.

"तुम्हाला नक्की कुठं जायचंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"समुद्रावर," वासंती म्हणाली. "आईनं 'कोस्टल'चं 'पोस्टल' ऐकलं आणि तेच त्यांना सांगितलं. पण पत्रात लिहिलंय ते खरं आहे. तिकीट मी सरळच लावते."

मग पोहण्याचा दाखला निघाला. तो तिघांनी हातोहात फिरवून वाचला आणि शेजारच्या खोलीतून टंकलेखिकेला बोलावून तिलाही दाखवला. वासंतीला वाटलं, आता उठावं. पण डॉ. कामत अर्जातल्या रकान्यावर बोट ठेवून बसल्या होत्या. पेटीत म्हणजे काय, हे त्यांना हवं होतं. वासंतीनं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज आपोआप ताळ्यावर आला. डॉ. कामतांनी विचारलं की आमच्या धक्क्याचे लोखंडी खांब पाण्याखाली बरे राहतात आणि पाण्याच्या जरा वर मात्र कुरतडल्यासारखे होतात, ते का.

वासंतीनं विचार करायलाही वेळ घेतला नाही. पूर्ण बुडालेली वस्तू हळू गंजते, ती म्हणाली. शिंतोडे आणि हवा आलटून पालटून लागली की लवकर जाते. तिनं एकदा हौसेनं एक दांडी मिठाच्या पाण्यात बुडवून आणि एक पेटीत टांगून पाहिलं होतं. टांगलेली गेली तेव्हा बुडलेली अजून हसत होती. 'हसत होती' हा शब्द मुलाखतीत वापरायला नको होता असं तिला लगेच वाटलं, पण डॉ. कामतांनी तो लिहून घेतला.

माशांबद्दल तिला काही सांगता आलं नाही. भरती दिवसातून किती वेळा येते, याला तिनं 'एकदा' असं उत्तर दिलं. अखेर अध्यक्षांनी विचारलं, बरी नोकरी सोडून हे कशाला.

"पाच वर्षं मी खाऱ्या पाण्यानं काय काय खराब होतं एवढंच लिहितेय," वासंती म्हणाली. "त्याच पाण्यात काही जगतही असेल. ते बघायचंय."

निवड झाली नाही. तिचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं लागलं. पण निवड झालेल्यांतल्या एका मुलाला पहिल्याच दिवशी होडीत इतकं मळमळलं की तो किनाऱ्याला लागला तो थेट बँकेत चिकटला. ऑगस्टमध्ये वासंतीला पत्र आलं. घराला कुलूप होतं म्हणून ते पोस्टमननं वर आबाजींच्या हातात दिलं. आबाजींनी पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, चष्मा पुसून परत वाचला, आणि वासंती घरी येताच जिना उतरून खाली आले. या खेपेला त्यांनी डावा कान पुढं केला.

वासंतीनं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी दोन पानं पोस्टाबद्दल लिहिली," ते म्हणाले. "ती त्यांनी वाचली?"

"मोठ्यानं वाचली. एक गृहस्थ झोपले होते, ते जागे झाले."

आबाजींनी मान हलवली. चौतीस वर्षांत आपलं एकही टिपण वरच्या कचेरीत कोणी मोठ्यानं वाचलं नव्हतं, असं म्हणाले, आणि तिला प्रवासात सुतळी नेहमी जवळ ठेवायला सांगून वर गेले.

समुद्र तिनं पाहिला तो ओहोटीला. एसटीतून उतरून ती पळतच गेली तर समोर अर्धा मैल चिखल, त्यात खेकडे, आणि पाणी कुठंतरी लांब रेघेसारखं. कोणी चोरून नेलं की काय असं वाटून ती ट्रंकेवर बसून राहिली, आणि संध्याकाळी पाणी पायाशी आलं तेव्हा तिला ट्रंक उचलून धावावं लागलं. दिवसातून दोनदा येतं, हे तेव्हा कायमचं पाठ झालं.

दोन वर्षं तिनं खाडीतल्या तिसऱ्या मोजल्या. तिसऱ्या म्हणजे चिखलात सापडणाऱ्या शिंपल्या, तिथल्या बायका त्या ओहोटीला वेचून बाजारात न्यायच्या. एका चौरस वारात किती, केवढ्या, कोणत्या महिन्यात. लहान असतानाच वेचल्या तर पुढच्या साली काय उरतं. बायका आधी तिला हसल्या, नंतर तिला गुडघाभर चिखलात न रुतता कसं चालायचं ते शिकवलं, आणि शेवटी तिच्या आकड्यांवरून खाडीचा एक तुकडा चार महिने कोणी वेचायचा नाही असं आपापसांत ठरवलं. फेलोशिप संपल्यावर केंद्रानं तिला ठेवून घेतलं.

एक्क्याऐंशीच्या दिवाळीत कुसुमताई तिच्याकडे राहायला आल्या. त्या शुद्ध शाकाहारी, तिसरीला हात लावायचा प्रश्नच नव्हता. पण तिसऱ्या दिवशी कंटाळून लेकीमागे खाडीवर गेल्या, सावलीत बसल्या, आणि समोर ढिगारा ओतलेला पाहून त्यांच्यातली मास्तरीण गप्प राहीना. छत्रीच्या टोकानं दहादहाचे ढीग करत त्यांनी मोजायला घेतलं. तीनशे बारा, म्हणाल्या. वेचणारी बाई म्हणाली तीनशे आठ, आणि ती गेली तीस वर्षं मोजत होती. कुसुमताईंनी तिला दहाचा पाढा म्हणून दाखवायला सांगितलं. तिनं त्यांना आधी चिखलात उतरून दाखवायला सांगितलं. वासंतीनं दोन्ही आकडे वहीत लिहिले आणि भात टाकायला घरी गेली. तासाभरानं परत आली तेव्हा दोघी मिळून पहिल्यापासून मोजत होत्या, आणि कुसुमताईंच्या साडीचा काठ खोचलेला होता.